काडेपेटीवरचे चित्र : फाळके ते गीतांजली राव

२७ जुलै २०१९ ची सकाळ बदलापूर-वांगणी पट्ट्यातला माणूस सहसा विसरणार नाही. आदल्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस चामटोलीजवळ उल्हास नदीच्या पुरात अडकली. रूळ दिसेनासे झाले, गाडीच्या दोन्ही बाजूंना पाणीच पाणी, आणि हजाराहून अधिक प्रवासी डब्यांत बसून राहिले. मग राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या होड्या आल्या, नौदलाची पथके आली, आसपासच्या गावांतली माणसे धावली. दुपारपर्यंत सगळे प्रवासी सुखरूप बाहेर निघाले.

त्या दिवशी आमच्या बदलापूरच्या घरी माझी भाची अडकली होती. जून महिन्यात तिचे वडील, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, अचानक गेले होते. मुलगी रडत नव्हती, बोलतही नव्हती. जेवायला बसे आणि ताटातले तसेच ठेवून उठे. लोकल बंद, वीज गेलेली, बाहेर धो धो पाऊस. संध्याकाळी तिने आपला लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, "मामा, हे बघता का? शेहेचाळीस मिनिटांचंच आहे." बॅटरी संपायच्या आत आम्ही दोघांनी एक जपानी चित्रपट पाहिला. संपल्यावर ती पहिल्यांदा रडली. नंतर माझ्या पत्नीने वाढलेला वरणभात तिने पूर्ण खाल्ला.

रात्री तिने विचारले, "मामा, आपल्याकडे असं काही आहे का?" मी म्हणालो, नाही. कार्टून म्हणजे आपल्याकडे पोरांचे खेळणे, त्यात दुःख कुठून येणार?

ते उत्तर चुकीचे होते. ते कसे चुकीचे होते हे शोधताना गेली काही वर्षे जे हाती लागले, ते या लेखात मांडतो आहे. शोधाची वाट नाशिक, गोध्रा, दादर अशी फिरत शेवटी माझ्या घराजवळच असलेल्या अंबरनाथला आली, याचे मलाही नवल वाटले.

शेहेचाळीस मिनिटांचा पाऊस

आम्ही पाहिलेला चित्रपट म्हणजे माकोतो शिंकाई यांचा २०१३ सालचा 'द गार्डन ऑफ वर्ड्स'. कथा दोन ओळींत सांगता येते. टोकियोतल्या शिंजुकू ग्योएन या बागेत पावसाळी सकाळी एक पंधरा वर्षांचा मुलगा शाळा बुडवून येऊन बसतो. त्याला चांभारकाम शिकून बूट बनवायचे आहेत. त्याच आडोशाला एक सत्तावीस वर्षांची स्त्री येऊन बसते. तिच्यावर काय ओढवले आहे ते आपल्याला बऱ्याच उशिरा कळते. सुरुवातीला एवढेच दिसते, की तिला अन्नाची चव लागेनाशी झाली आहे आणि कामावर जाण्यासाठी तिचे पाऊल उचलत नाही. पाऊस असला की दोघे भेटतात. मुलगा तिच्यासाठी बूट करायला घेतो. त्यांचे प्रेम सफळ होत नाही, तसे ते व्हावे असेही चित्रपट म्हणत नाही. ती पुन्हा चालू लागते, इतकेच घडते.

त्या स्त्रीच्या तोंडी 'मान्योशू' या जपानच्या आठव्या शतकातल्या काव्यसंग्रहातली एक तान्का येते. साडेचार हजारांच्या आसपास कविता असलेला हा संग्रह. मराठी वाचकाला येथे हालाची 'गाथासप्तशती' आठवावी. आपल्या महाराष्ट्री प्राकृतातल्या त्या दोन-दोन ओळींच्या सातशे गाथांतही हेच आहे : पाऊस, वाट, दाराशी उभी असलेली स्त्री, न आलेला माणूस. दोन्ही संग्रहांनी मोठ्या दुःखाला लहान आकार दिला. या लहान आकाराकडे लेखाच्या शेवटी परत येऊ.

शिंकाई यांची सुरुवात आणखी लहान आकाराने झाली होती. १९९९ मध्ये त्यांनी 'शी अँड हर कॅट' हा जेमतेम पाच मिनिटांचा कृष्णधवल लघुपट आपल्या संगणकावर जवळजवळ एकट्याने केला. एकटी राहणारी एक तरुणी आणि तिचे मांजर. तिच्या आयुष्यात काय बिनसले ते मांजराला कळत नाही, पण ती रडते आहे हे कळते. एकटी स्त्री, मांजर, एकहाती केलेला लघुपट, हे तीन दुवे वाचकांनी लक्षात ठेवावेत. हे तिन्ही दुवे पुढे मुंबईतही भेटणार आहेत.

गोध्र्याचा फोटोग्राफर

भारतात चित्रपटाची सुरुवात ज्यांच्यापासून धरतो, त्या धुंडिराज गोविंद फाळके यांचे चरित्र आपण साधारण १९११ पासून सांगतो. गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला, आणि आपले राम-कृष्ण पडद्यावर कधी दिसतील हा ध्यास घेतला. ही हकीगत खरी आहे. फाळक्यांनी स्वतः 'नवयुग' मासिकातल्या १९१७-१८ च्या लेखांत ती सांगितली आहे. पण त्याआधीची दहा-बारा वर्षे आपण भराभर उलटतो.

त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले फाळके जे. जे. कलाशाळेत शिकले, मग बडोद्याच्या कलाभवनात. चित्रकला, फोटोग्राफी, छपाई, नेपथ्य, सगळ्यात हात. पोटासाठी त्यांनी गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा मांडला. १९०० च्या प्लेगात त्यांची पहिली पत्नी आणि मूल दोघेही गेले. ते गोध्रा सोडून बडोद्याला परतले. तेथे फोटोचा धंदा चालेना, कारण फोटो काढल्याने माणसाचे आयुष्य घटते अशी लोकांची समजूत होती. ज्या माणसाचे घर नुकतेच रिकामे झाले आहे, त्याला गिऱ्हाइके हे कारण सांगत असतील तेव्हा काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. गिरिजा करंदीकर सासरी सरस्वतीबाई झाल्या. पुढची कथा या दोघांची आहे आणि माझ्या दृष्टीने ती मराठीतली एक मोठी प्रेमकथा आहे, फक्त आपण ती तशी वाचत नाही. चित्रपटाचा ध्यास घेतल्यावर फाळके दिवसरात्र फिल्मचे तुकडे पाहत, प्रयोग करत. त्या ताणाने त्यांची दृष्टी काही काळ गेली, उपचारांनी ती परत आली. सरस्वतीबाईंनी दागिने दिले. विलायतेहून कॅमेरा आला तेव्हा कच्च्या फिल्मला भोके पाडायला त्या शिकल्या, फिल्म धुवायला शिकल्या, कॅमेऱ्यापुढे पांढरी चादर धरून उन्हात उभ्या राहिल्या, आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही त्याच करत.

भांडवलदाराला दाखवायला फाळक्यांनी १९१२ मध्ये जो पहिला छोटा प्रयोग केला, तो 'अंकुराची वाढ'. कुंडीत वाटाणा पेरला, ठरावीक वेळाने कॅमेऱ्यात एक-एक चौकट टिपली. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिट-दोन मिनिटांत दिसली. मातीतून कोंब वर येतो, पाने फुटतात, वेल चढते. हे ॲनिमेशन नव्हे, पण ॲनिमेशनचे तत्त्व यात आहे : चौकटींमधला काळ आपल्या हाती घेणे. भारतीय चित्रपटाचे पहिले भांडवल या वाटाण्याने मिळवले.

मग आला 'राजा हरिश्चंद्र', ३ मे १९१३, गिरगावचे कॉरोनेशन. चार रिळे, सुमारे ३७०० फूट. हरिश्चंद्राची मूळ कथा कशाची आहे? राज्य जाते, पती-पत्नी विकली जातात, मूल मरते, स्मशानात बाप आईकडे सरणाचे पैसे मागतो, आणि शेवटी सगळे परत मिळते, मूलसुद्धा. फाळक्यांच्या चित्रपटात हे मूल झाला होता त्यांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र.

येथे सांभाळून बोलले पाहिजे. फाळक्यांनी गोध्र्याच्या दुःखामुळे हरिश्चंद्र निवडला असे त्यांच्या लेखांत कोठेही नाही. ते स्वदेशीबद्दल बोलतात, धंद्याबद्दल बोलतात. हरिश्चंद्र तेव्हा रंगभूमीवर लोकप्रिय होता, रविवर्म्याच्या चित्रांतून घरोघरी पोहोचला होता. निवडीला तेवढी कारणे पुरेशी आहेत. तेव्हा मी कार्यकारण जोडत नाही. फक्त दोन गोष्टी शेजारी ठेवतो : १९०० साली ज्याचे मूल गेले, त्या माणसाने १९१३ साली आपल्या दुसऱ्या मुलाला अशा कथेत उभे केले, जिच्यात मेलेले मूल उठून बसते. प्रेक्षकांतही प्लेगने रिकामी केलेली घरे कमी नव्हती. मुंबईत १८९६ पासून प्लेग ठाण मांडून होता. त्या काळोख्या थिएटरात कोण कशासाठी रडले असेल, याचा हिशेब इतिहासात लागत नाही. पण तो प्रश्न विचारायला हवा.

आगकाड्यांची मौज

१९१४ मध्ये फाळके आपले चित्रपट घेऊन लंडनला गेले. तेथे राहण्याचे प्रस्ताव नाकारून परतले, आणि युद्ध सुरू झाले. कच्ची फिल्म मिळेना, भांडवलदारांनी हात आखडला. या अडचणीच्या वर्षांत फाळक्यांनी छोट्या छोट्या फिती केल्या. तळेगावच्या काच कारखान्यावर एक, चित्रपट कसे तयार करतात यावर एक, जादूगार 'प्रोफेसर केळफा' होऊन एक (फाळके उलटे वाचले की केळफा). आणि साधारण १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज'. आपल्याकडच्या ॲनिमेशनचा इतिहास येथून मोजतात.

नावातच सगळे आहे. आगकाड्या मांडायच्या, एक चौकट टिपायची, काड्या किंचित सरकवायच्या, पुन्हा एक चौकट. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण सोळा चौकटी धरल्या, तर एका मिनिटासाठी ९६० वेळा काड्या हलवायच्या. जगात याआधी हे झाले होते. फ्रान्समध्ये एमिल कोल याने १९०८ मध्ये काड्यांची अशीच फीत केली होती. इंग्लंडमध्ये आर्थर मेलबर्न-कूपर याची एक फीत आहे, जिच्यात काड्या भिंतीवर आवाहन लिहितात, की आघाडीवरच्या सैनिकांना काडेपेट्या पाठवा. ती बोअर युद्धाची की पहिल्या महायुद्धाची, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. म्हणजे काडीची ही मौज जगभर होती. पण दादर-नाशिकच्या माणसाने कर्जात आणि युद्धात अडकलेला असताना दोन पैशांच्या काड्यांमध्ये जीव भरावा, यात त्याच्या स्वभावाची ओळख आहे. फिल्म मिळत नाही? मग थोड्या फिल्ममध्ये मावेल असे काही करू.

जपानमधली पहिली ॲनिमेशने पडद्यावर आली १९१७ मध्ये, म्हणजे फाळक्यांनंतर. त्यांतली 'नामाकुरा गाताना' ही बोथट तलवार विकत घेतलेल्या सामुरायाची चार मिनिटांची फीत नव्वद वर्षे हरवलेली होती. ती ओसाकातल्या जुन्या बाजारात सापडली आणि २००८ मध्ये तशी घोषणा झाली. आपली 'आगकाड्यांची मौज' मात्र सापडलेली नाही. आपल्याकडे फाळक्यांचे जे काही उरले, त्यातला मोठा वाटा पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा आणि पी. के. नायर यांचा आहे. 'कालिया मर्दन'ची रिळे नायर यांनी फाळके कुटुंबीयांकडून मिळवली. जुनी नायट्रेट फिल्म फार लवकर पेट घेते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात अशा फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि अनेक मूळ रिळे गेली. कागद जसा वाळवीने जातो, तसा आपला मूकपट बहुतांशी आगीने आणि दमट हवेने गेला.

अंबरनाथची काडेपेटी

फाळक्यांच्या हातात आलेली काडी कुठली असेल? १९१५ मध्ये ती बहुधा स्वीडनची किंवा जपानची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात काडेपेट्या मुख्यतः या दोन देशांतून येत, आणि युद्धाने युरोपची वाहतूक अडली तेव्हा जपानने बाजार काबीज केला. या जपानी पेट्यांवरची चित्रे पाहण्यासारखी आहेत. कोबे-ओसाकाच्या छापखान्यांत लक्ष्मी, कृष्ण, गणपती छापले जात, खास आपल्या बाजारासाठी. त्यांतली कितीतरी रविवर्म्याच्या शिळाछाप चित्रांवरून उचललेली. रविवर्म्याच्या लोणावळ्याजवळच्या छापखान्यासाठी फाळक्यांनी काम केले होते, हे येथे आठवावे. म्हणजे एक चित्र त्रावणकोरच्या चित्रकाराच्या कुंचल्यातून निघते, लोणावळ्याला शिळेवर उतरते, जपानला जाऊन काडेपेटीवर बसते, आणि भुसावळच्या किंवा बदलापूरच्या स्वयंपाकघरात येऊन चुलीशेजारी राहते. जपानी माणसाने आपल्यासाठी छोट्या चौकटीत काढलेली पहिली चित्रे ही होती. ॲनिमेशन फार नंतर आले.

१९२२ मध्ये सरकारने आयात काडेपेट्यांवर ग्रोसमागे दीड रुपया जकात बसवली. आयात परवडेना, म्हणून स्वीडिश कंपनीने येथेच कारखाने काढायचे ठरवले. १९२३ मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे 'विम्को', स्थापन झाली आणि तिचा कारखाना अंबरनाथला उभा राहिला. आज विम्को नाका एवढे नाव रिक्षावाल्याला सांगितले की पुरते. त्याच सुमारास तिकडे शिवकाशीत नाडर मंडळींनी हातकाडीचा धंदा सुरू केला आणि त्याबरोबर लेबलांच्या छपाईचाही. यंत्राची अंबरनाथ आणि हाताची शिवकाशी, यांनी पुढची अनेक दशके देशभरच्या चुली पेटवल्या.

आमच्या लहानपणी काडेपेटीची लेबले जमवणे हा गरीब मुलांचा छंद होता. पोस्टाची तिकिटे मिळवायला ओळख लागे, छापे रस्त्यावर मिळत. घोडा, जहाज, वाघ, कमळ. त्यांची अदलाबदल चाले, पत्त्यांसारखे डाव चालत. माझ्या आईला मात्र रिकामी पेटी टाकवत नसे. तिच्या देवघराच्या फडताळात वडिलांच्या हातची शेवटची काडेपेटी कितीतरी वर्षे होती. आत काड्या नव्हत्या. ती तशीच का ठेवली हे आम्ही कधी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही.

मधली साखळी

फाळक्यांनंतर धागा तुटला नाही, पण बारीक झाला. 'प्रभात'ने १९३४ मध्ये 'जंबूकाका' ही कोल्ह्याची व्यंगफीत केली. स्वातंत्र्यानंतर फिल्म्स डिव्हिजनने मुंबईत कार्टून विभाग उघडला. १९५६ मध्ये डिस्नेकडचे क्लेअर वीक्स येथे शिकवायला आले आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांत राम मोहन होते. या विभागाच्या सुरुवातीच्या चित्रपटांत १९५७ चा जातककथेवरचा 'द बनियन डीअर' आहे. १९७४ मध्ये विजया मुळे यांचा 'एक अनेक और एकता' आला. त्याचे गाणे आजही चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाला पाठ असते, पण तो एका मराठी बाईंनी केला हे मात्र पाठ नसते.

याच राम मोहन यांनी जपानशी दुसरा दुवा जोडला. जपानी निर्माते युगो साको १९८३ मध्ये रामायणाशी संबंधित उत्खननावरच्या माहितीपटासाठी भारतात आले आणि रामायणाच्या प्रेमात पडले. त्यातून दोन्ही देशांच्या कलावंतांनी मिळून केलेला 'रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स रामा' जन्मला. राम मोहन त्याचे सहदिग्दर्शक. १९९३ मध्ये तो भारतात महोत्सवात दाखवला गेला. त्याच वर्षी दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली आला. तोही जपानीच, पण गुलजारांच्या शब्दांनी तो इतका आपला झाला की ती मालिका जपानी आहे हे कित्येकांना कळलेच नाही. जपानी ॲनिमेशन आपल्याकडे आले ते असे, आपले कपडे घालून, जसे ते शंभर वर्षांपूर्वी काडेपेटीवर आले होते.

आणि याच राम मोहन यांच्या स्टुडिओत १९९४ नंतर जे. जे.तून उपयोजित कला शिकून आलेली एक मुलगी काम शिकली. तिचे नाव गीतांजली राव.

म्हातारी, मांजर आणि काडेपेट्या

गीतांजली राव यांचा 'प्रिंटेड रेनबो' २००६ चा. लांबी पंधरा मिनिटे. मुंबईतल्या एका इमारतीत एक म्हातारी आपल्या मांजराबरोबर राहते. घर, खिडकी, जिना, सगळे करड्या रंगात. बोलायला कोणी नाही. चित्रपटातही संवाद नाहीत. तिच्याजवळ एकच धन आहे : काडेपेट्यांच्या छापांचा संग्रह. ती एकेक पेटी हाती घेते आणि त्या चित्रात शिरते. तेथे रंग आहेत, वारा आहे, ती तेथे म्हातारी नाही.

त्या वर्षी कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात या लघुपटाने तीन पुरस्कार मिळवले. तो राव यांनी बहुतांशी एकहाती, हाताने रंगवून केला होता. सेकंदाला बारा चित्रे धरली तरी पंधरा मिनिटांना १०,८०० चित्रे होतात. एक बाई वर्षानुवर्षे बसून दुसऱ्या एका बाईचा एकाकीपणा रंगवते. हे काम आणि ती म्हातारी, दोन्हींत एकच चिकाटी आहे.

फाळक्यांनी काड्यांना जीव दिला तेव्हा त्यांना मौज करायची होती. नव्वद वर्षांनी राव यांनी काडीवरून नजर पेटीकडे नेली, आणि मौजेच्या जागी सांत्वन आले. शिंकाई यांच्या पाच मिनिटांतली ती मुलगी आणि तिचे मांजर यांच्याशी या म्हातारीचे नाते सख्खे आहे. पण फरक महत्त्वाचा आहे. टोकियोच्या मुलीचे दुःख तिच्या खोलीत, तिच्या आतल्या आवाजात आहे. मुंबईच्या म्हातारीचे औषध बाजारातून आलेले आहे, सगळ्यांचे, स्वस्त, छापील. तिला सुटका मिळते ती अशा चित्रांतून, जी कोणीच कला म्हणून पाहिली नाहीत. आपल्याकडे दुःखही एकट्याचे नसते आणि विरंगुळाही एकट्याचा नसतो.

राव यांचा पुढचा लघुपट 'ट्रू लव्ह स्टोरी' २०१४ चा, पुन्हा संवादांशिवाय. मुंबईच्या रस्त्यावरचे प्रेम, आणि हिंदी सिनेमाने शिकवलेले प्रेम प्रत्यक्षात उतरवायला गेले की काय होते याची गोष्ट. त्यातून २०१९ मध्ये पूर्ण लांबीचा 'बॉम्बे रोझ' झाला. त्यात कमला ही गजरे-फुले विकणारी मुलगी आणि काश्मीरच्या हिंसेत अनाथ झालेला सलीम आहेत. पण मला त्यातली तिसरी व्यक्ती जास्त जवळची वाटते : शर्ली डिसूझा, एकेकाळी सिनेमात नाचलेली, आता मुलांना शिकवणारी वृद्धा. ती रस्त्याने चालू लागते, तशी तिच्या पावलांबरोबर आजची मुंबई जुन्या मुंबईत विरघळत जाते. आपल्या माणसाच्या आठवणीत चालणारा कोणीही असाच चालतो. खऱ्या रस्त्यावर कॅमेरा लावून हे दाखवायला केवढा खटाटोप करावा लागला असता. चित्रात ते एका रेषेचे काम आहे.

लहान का, आणि चित्रात का

भाचीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. आहे, आपल्याकडे आहे. पण ते विखुरलेले आहे आणि आपण त्याला नाव दिलेले नाही. जपानमध्ये अशा चित्रपटांना रोजचा प्रेक्षक आहे, मासिके आहेत, दुकाने आहेत. आपल्याकडे पंधरा मिनिटांच्या चित्रपटाला थिएटर नाही. लघुपट महोत्सवात जातो, पुरस्कार घेतो आणि दिसेनासा होतो. मराठीत चित्रपटसमीक्षेची परंपरा चांगली आहे, पण तिने ॲनिमेशनला बालविभागात बसवून टाकले. फिल्म्स डिव्हिजन तर २०२२ मध्ये वेगळी संस्था म्हणूनही उरली नाही, राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली.

आणि तरी या आकाराची गरज आहे. दुःखात असलेल्या माणसाचे लक्ष फार काळ टिकत नाही. त्याला तीन तासांची कथा सोसत नाही, उपदेश तर मुळीच नाही. जिवंत नट रडताना पाहिला की आपण त्याच्या रडण्याचा कस लावतो, खरे की खोटे. रेषेबद्दल ती शंका नसते. ती मुळातच खोटी असते, हे मान्य करूनच आपण बसतो, आणि म्हणून तिच्यात आपले माणूस घालायला जागा मिळते. गाथेच्या दोन ओळी, तान्काच्या पाच, काडेपेटीवरचे दीड इंचाचे चित्र, यांचे काम तेच. ते सगळे सांगत नाहीत. उरलेले आपल्याला भरावे लागते, आणि ते भरताना आपल्या हातून काहीतरी सुटते.

याला कोणी पळवाट म्हणेल. म्हातारी काडेपेटीत शिरते म्हणजे घरातून पळतेच की. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. मुंबईत एकट्या राहणाऱ्या वृद्धांना चित्रे नकोत, शेजार हवा, औषधे हवीत. चामटोलीच्या पुरातही होड्या कामाला आल्या, कविता नव्हे. पण पुरातून बाहेर काढलेला माणूस घरी गेल्यावर पुढे काय करतो, हा प्रश्न होडीवाल्याचा नाही. तो प्रश्न कोणाचा तरी असायला हवा.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये शिंकाई यांचा 'वेदरिंग विथ यू' भारतात थिएटरांत लागला. हजारो तरुणांनी सह्यांची मोहीम चालवून तो आणवला होता. अखंड पावसात बुडत चाललेल्या शहराची ती प्रेमकथा. जपानमध्ये तो १९ जुलैला प्रदर्शित झाला होता, आमच्याकडच्या पुराच्या आठच दिवस आधी. भाची मैत्रिणींबरोबर मुंबईला जाऊन तो पाहून आली.

मग दिवाळी आली. आपल्याकडे ज्या घरात वर्षभरात माणूस गेले असेल, त्या घरी फराळ करत नाहीत. कढई चढत नाही, दारात आकाशकंदील लागत नाही. पण शेजारीपाजारी ताटे झाकून आणून देतात, आणि कोणी फारसे बोलत नाही. बहिणीच्या घरी त्या वर्षी सात घरची चकली आली होती. सातही चवींची. भाचीने एकेक खाऊन पाहिली आणि कोणाची सर्वात खुसखुशीत झाली, यावर आईशी वाद घातला. जूननंतर त्या घरात झालेला तो पहिला वाद होता.

या वर्षी तिला मी हा लेख वाचायला देणार आहे, आणि सोबत माझ्या आईच्या फडताळातली ती रिकामी काडेपेटी. लेबल बरेच उडाले आहे, पण चित्र अजून ओळखू येते. 'आगकाड्यांची मौज' सापडायची असेल तर तीही अशाच कुठल्या तरी फडताळात, नाशिक-पुण्याच्या एखाद्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत सापडेल. दिवाळीची साफसफाई करताना वाचकांनी गंजलेले गोल डबे उघडून पाहिल्याखेरीज भंगारात घालू नयेत, एवढे सांगून थांबतो. उघडताना मात्र जवळपास काडी ओढू नये.